आधी पाणी, मग पाणी

"...मग जळतं कशानं, अण्णा?"

 येसूअण्णा तपेलीतल्या पाण्याकडे बघत बसले होते. पाण्यावर वाफ होती, वाफेच्या वर धुकं होतं, आणि एक कुठं संपतं नि दुसरं कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं.

मी कुंपणाच्या अलीकडे तांदूळ निवडत होते. तांदूळ कालच निवडून झाले होते. पण परत निवडले म्हणून काय बिघडतं?

येसूअण्णा आमचे शेजारी. वारणेकाठच्या या गावात त्यांनी पन्नास-पंचावन्न वर्षं लोकांच्या दाढ्या केल्या. आता दुकान नाही. अंगणात शेवग्याखाली एक लाकडी खुर्ची, एक तपेली, वस्तरे-कात्र्यांची एक धोपटी, बस्स. सकाळी गावातले चार-दोन म्हातारे दाढीला येतात. बाकीचे लांबून येतात, शिकायला. अण्णा कुणाला शिकवत नाहीत. तरी ते शिकून जातात.

हा त्यातलाच. नाव दिग्विजय. वय तिशीच्या आसपास. शहरात चार खुर्च्यांचं, भिंतभर आरशांचं दुकान. दुकानाच्या पाटीवर ह्याचाच फोटो आहे, हे त्यानं गाडी स्टँडवर लावता लावताच सांगितलं. चेहरा असा गुळगुळीत, की माशी बसली तर घसरून पडावी.

"एक गिऱ्हाईक आहे," तो म्हणाला. "म्हातारं आहे. त्याच्या गालाला साबण लावला, एक हात मारला, की डोळ्यांतून घळाघळा पाणी. आता तर मी दिसलो तरी भिंतीकडं तोंड करतो. दोन महिने झाले. दाढी बोटभर वाढली."

ते गिऱ्हाईक म्हणजे त्याचा बाप होता. हे तो तेव्हा बोलला नाही, मला तिसऱ्या दिवशी कळलं. पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते, माझ्या पोटात काही राहत नाही. बापाचं नाव केरबाबापू. अर्धांगवायूचा झटका आलेला. उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली. हा माणूस जन्मात कधी दाढी न करता उंबऱ्याबाहेर पडला नव्हता. आणि आता पोटच्या पोराचा हात गालाला लागू देत नव्हता.

पाटीवर फोटो आणि घरात हे. कोणत्या तोंडानं सांगणार? म्हणून आपलं, गिऱ्हाईक.

अण्णा उठले. खुर्चीत जाऊन बसले. मान मागं टाकली.

"माझी कर."

"काय?"

"दाढी."

दिग्विजयनं पिशवी उघडली. फेसाचा डबा, कसलीतरी निळी बाटली, वस्तऱ्यात नवं कोरं अर्धं पातं. आणि हात काय चालला हो त्याचा! मी सुपातला हात सुपातच ठेवून बघत राहिले. कानापासून हनुवटीपर्यंत एक सरळ वाट. मग तिच्या शेजारी दुसरी. धुक्यात नदीवरून होडी निघावी, तसा वस्तरा निघायचा.

झाल्यावर अण्णांनी गालावरून हात फिरवला. आधी सुलटा. मग उलटा.

"झकास."

"जळतंय का कुठं?"

"नाही."

"बघा!" पोरगं फुललं. "मी तेच म्हणतोय. दाढीच्या स्पर्धेतली दोन बक्षिसं आहेत माझी. मग त्याचंच का जळतं?"

अण्णा तोंड पुसत म्हणाले, "हात चांगलाय तुझा. माझ्याकडं तुला शिकवायला काही नाही."

फुललेलं पोरगं तिथल्या तिथं मिटलं.

"असं नका म्हणू, अण्णा... मग मी परत काय घेऊन जाऊ?"

...

 अण्णांनी विचारलं, "पाणी किती लावतोस?"

"स्प्रे मारतो. दोनदा."

"ते पाणी नव्हे. तो शिंतोडा."

त्यांनी टॉवेल तपेलीत बुडवला, पिळला, आणि पोराच्या दोन्ही तळहातांवर ठेवला.

"थांब."

तो थांबला.

"किती वेळ, अण्णा?"

"असं विचारायचं बंद होईस्तोवर."

 टॉवेलातून वाफ निघत होती आणि शेवग्याच्या फांद्यांत जाऊन दिसेनाशी होत होती. पलीकडचा रस्ता नव्हता, नदी नव्हती. आमचं घरसुद्धा असेल की नाही, अशी मला शंका आली. अंगणात एक माणूस दोन्ही हात पुढं करून उभा होता, कुणी काहीतरी द्यावं म्हणून उभा असावा तसा. हळूहळू त्याचे खांदे खाली आले. आले तेव्हा मला कळलं, की इतका वेळ ते वर होते.

"आधी पाणी," अण्णा म्हणाले. "मग पाणी. मग थांबायचं. मग साबण."

"आणि वस्तरा?"

"तो असतोच की."

दुसऱ्या दिवशी गाडीचा आवाज आला तेव्हा मी तांदूळ घेतले नाहीत. रोज रोज बरं दिसत नाही. लसूण सोलायला घेतला.

"पाण्याचं जमलं नाही," दिग्विजय म्हणाला. "ते जाऊ द्या. हाताचं सांगा. उलटा हात मारू नको का? त्यानं जळत असेल."

"बस इथं."

अण्णांनी त्याचा हात धरला आणि स्वतःच्या गालावर ठेवला. "डोळे मीट. केस कुठं निघालेत?"

"खाली."

"आणि इथं? जबड्याखाली?"

"आडवे... कानाकडं."

"आणि इथं?"

पोरगं चाचपत राहिलं. भाकरीचं पीठ मळताना खडा लागावा, तसा त्याचा चेहरा झाला. "इथं... फिरतात. गोल."

"भोवरा. प्रत्येकाचा असतो. कुणाचा हनुवटीखाली, कुणाचा गळ्याला. तिथं वस्तरा सरळ ओढलास तर बोचणारच. त्याच्या कलानं वळायचं. आरशात बघून कळत नाही ते. बोटांनाच विचारावं लागतं." अण्णांनी हात सोडला. "तुझ्या गिऱ्हाइकाचा कुठं आहे?"

...

"माहीत नाही."

"दोन महिने दाढी करायला जातोस."

"कधी हात लावून बघितलं नाही."

मला तेव्हा वाटलं, असला कसला हा कारागीर. आता वाटतं, मोठं झाल्यावर कुठला मुलगा बापाच्या गालाला हात लावतो? पायाला लावतो. पुढं पुढं तेवढाच.

तिसऱ्या दिवशी तो आला तो गाडीवरून उतरता उतरताच ओरडला.

"सगळं केलं तुम्ही सांगितलं तसं! पाणी गरम, टॉवेल गरम. पण उपयोग शून्य. मान फिरवली. डोळ्यांत पाणी!"

अण्णा साबणाच्या वाटीत ब्रश घोळवत होते.

"टॉवेल गालाला लागला?"

"लागू दिला नाही."

"साबण?"

"नाही."

"वस्तरा?"

"वस्तरा पिशवीत होता."

ब्रश थांबला.

"मग जळलं काय?"

...

 पोरानं एकदा अण्णांकडे पाहिलं, एकदा शेवग्याकडे, एकदा कुंपणापलीकडे माझ्याकडे. मी लसणाकडे पाहिलं. मग त्याला राग आला. शिकलेल्या माणसाला असं बोलता येईना झालं की राग येतो.

"ते तुम्ही सांगायचं! त्यासाठीच रोज तीस किलोमीटर येतोय मी!"

"बस," अण्णा खुर्चीकडे हात करून म्हणाले. "आज मी करतो तुझी."

"मला काय गरज? माझी सकाळीच झाली."

"बस रे."

तो बसला. अण्णांनी टॉवेल ठेवला, उचलला, परत ठेवला. पाणी. मग पाणी. मग थांबले. धुकं त्या दिवशी इतकं खाली आलं होतं, की अण्णांचे पाय दिसत नव्हते. ते खुर्चीभोवती नुसते तरंगत होते. मग साबण. ब्रश गालावर गोल गोल फिरू लागला. एक गाल पांढरा झाला, दुसरा झाला, हनुवटी झाली, गळा झाला. ब्रश वरच्या ओठापाशी आला...

आणि तिथं थांबला.

मी तोवर चहा घेऊन कुंपणापलीकडे गेले होते. कुणी सांगितला नव्हता. पण माणूस तीस किलोमीटरवरून येतो, तर चहा नको द्यायला? कप पुढं केला आणि माझं लक्ष त्याच्या तोंडाकडे गेलं. सगळं तोंड पांढरं, धुकंही पांढरं, आणि मधे तेवढाच वरचा ओठ उघडा. मिशी नसलेला.

आमच्याकडे बाप असेपर्यंत मुलगा मिशी उतरवत नाही. बाप गेला की दहाव्याला घाटावर उतरवतात. आता कोण पाळतंय म्हणा. आमच्या थोरल्यानं कॉलेजात असताना हौसेनं उतरवली, तर आमचे हे चार दिवस त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. रस्त्यात हजार बिनमिशीचे दिसतात, माझ्या मनात काही येत नाही. पण त्या वेळी आलं. आणि माझ्या मनात आलं की ते ओठावर येतंच.

"अगं बाई," मी म्हटलं. "वडील कधी गेले हो तुमचे?"

पोरगं ताडकन उठलं. फेस माझ्या पदरावर उडाला.

"जिवंत आहेत! काय बोलता तुम्ही? जिवंत आहेत माझे वडील!"

"चुकलं हो, चुकलं," मी म्हटलं. "मला वाटलं... तोंडाकडं बघून..."

"वैनी," अण्णा हळू म्हणाले. "तुम्ही बसा."

मी तिथंच पायरीवर बसले. चहा हातात तसाच.

अण्णांनी धोपटीतून लहानसा आरसा काढला. धोतराच्या सोग्यानं पुसला.  नुसता त्याच्या तोंडासमोर धरला.

दिग्विजयनं पाहिलं. रोज भिंतभर आरशांत स्वतःला बघणारा माणूस. तो बघत राहिला... बघत राहिला. फेस हळूहळू विरत होता, त्याचा बारीक चुरचुर आवाज मला ऐकू येत होता.

"बापू घाटावर वस्तरा घेऊन बसायचे," तो म्हणाला. आवाज अगदी लहान झाला होता. "चाळीस वर्षं. कुणाचा बाप गेला, की पोरगं बापूंसमोर येऊन बसायचं. बापू आधी विचारायचे, वडील गेले का... मग वरच्या ओठाला साबण लावायचे. विचारल्याशिवाय कधी लावला नाही."

अण्णांनी मान हलवली. त्यांचा ब्रश का थांबला होता, ते मला तेव्हा कळलं. जुन्या माणसांचे हात असे ठिकठिकाणी थांबतात.

"पाटीच्या फोटोसाठी काढली मी. कंपनीकडून शिकवायला आलेले साहेब म्हणाले, गुळगुळीत चेहरा हीच जाहिरात. त्याच दिवशी बापूंना दवाखान्यातून घरी आणलं. मी वाटी घेऊन गेलो. वस्तरा घेऊन... आणि माझं तोंड असं."

...

"तेच माझं गिऱ्हाईक, अण्णा."

"हं."

"त्यांना वाटलं असेल, पोरानं आपल्याला..." वाक्य त्याला पुरं करता आलं नाही. आम्हीही कुणी केलं नाही.

मग त्यानं एकदम पिशवी उचलली. "आत्ता जातो. जाऊन सांगतो. म्हणतो, बापू, ही स्टाइल आहे, बाकी काही नाही."

"सांग की."

तो निघाला.

"तू सांगत असताना," अण्णा म्हणाले, "तो कुठं बघत असेल?"

पोरगं दोन पावलांवर थांबलं. हात आपसूक ओठावर गेला.

अण्णांनी त्याला परत बसवलं. गरम टॉवेल घेतला आणि सगळा साबण पुसून काढला. वस्तरा लावलाच नाही.

"दाढी नाही करत?"

"आज नाही."

"मिशी यायला किती दिवस लागतील, अण्णा?"

"दोन बक्षिसं तुला मिळालीत. मला काय विचारतोस?"

"तोवर काय करू मी?"

"रोज जा त्याच्याकडं. पाण्याचं भांडं घेऊन. बस." अण्णांनी हात पुढं केला. "वस्तरा इथं ठेव."

त्यानं पिशवीतून वस्तरा काढला. देताना बोटं लगेच सुटली नाहीत. पण सुटली.

त्यानंतर तो एक दिवसाआड यायचा. अण्णा फक्त पाण्याचं विचारायचे.

"गरम होतं?"

"होतं."

"मग?"

"मान फिरवली नाही. डोळे मिटून घेतले."

आणखी दोन दिवसांनी, "हात पुसू दिला आज. डावा."

"पाणी?"

"कोमट झालं होतं. मी बसूनच राहिलो."

"बरं केलंस."

ओठावर काळी रेघ उगवली. मग ती खरखरीत झाली. दुकानातली पोरं हसतात म्हणाला. गिऱ्हाइकं पाटीवरच्या फोटोकडे बघतात आणि ह्याच्याकडे बघतात. मीही सोडलं नाही. "बारावीचा निकाल कधी आहे हो?" म्हणून विचारलं. तो पहिल्यांदा हसला. हसताना ओठ हातानं झाकला नाही.

"बापू आज बघत होते," तो एकदा म्हणाला. "बोलले नाहीत... म्हणजे, बोलता येत नाहीच त्यांना. पण बघत होते."

"कुठं?"

"इथं."

अण्णा पाणी तापवत राहिले.

चोविसाव्या दिवशी तो गाडी आमच्या कुंपणाला टेकवून तसाच आत धावला.

"अण्णा! बापूंनी डावा हात उचलला. इथं बोट फिरवलं. मिशीवर. सुलटं... मग उलटं. आणि मग..." त्याला धाप लागली होती. "मग स्वतःच्या गालाकडं बोट केलं."

अण्णा उठले. धोपटी उघडली. वस्तरा त्याच्या हातात दिला.

"जा."

"तुम्ही चला. तुम्ही करा. बघा, माझा हात थरथरतोय."

"थरथरू दे. फेस चांगला होईल."

"अण्णा, चेष्टा नका करू. परत काही चुकलं तर ते पुन्हा कधी..."

"येतो मी," अण्णा म्हणाले. "हात तुझा."

आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गेलो. आम्ही म्हणजे अण्णा आणि मी. अण्णांना नीट दिसत नाही, कुणीतरी बरोबर हवं, असं मी घरी सांगितलं. वाटेत अण्णा म्हणाले, "वैनी, मला दिसतं हं."

"माहितीय," मी म्हटलं. "सरका जरा, खिडकी मला द्या."

दुकानाच्या मागं एक खोली. उत्तरेच्या खिडकीतून येणारा उजेड दुधासारखा पांढरा. पलंगावर केरबाबापू उशीला टेकून बसवलेले. दाढी वाढून चेहरा कुणा साधूसारखा झाला होता, पण डोळे साधूचे नव्हते. डोळे दाराकडे लागलेले होते.

अण्णा स्टुलावर बसले. मी दाराशी. कुणी कुणाची ओळख करून दिली नाही.

दिग्विजयनं तोंड उघडलं. "बापू, ते मी तेव्हा..."

बापूंनी डावा हात किंचित हलवला. माशी वारावी तेवढा. राहू दे, असं असेल. किंवा पाणी गार होतंय, असं असेल.

त्यानं आधी कात्रीनं वाढलेले केस कापले. मऊ पांढरे पुंजके टॉवेलवर पडत राहिले. मग पाणी. मग पाणी. मग थांबला. इतका थांबला, की मला खोलीतलं घड्याळ बंद पडल्यासारखं वाटलं. गरम टॉवेलाखाली बापूंचा चेहरा नव्हताच. फक्त वाफ होती. टॉवेल उचलला तेव्हा तो परत आला, जरा तरुण होऊन.

मग दिग्विजयनं डोळे मिटले आणि बापाच्या गालावर हात ठेवला.

बोटं हळूहळू चालली. गालावरून जबड्याकडे. जबड्याखाली. गळ्याला...

"अण्णा," तो डोळे न उघडता म्हणाला. "भोवरा. डावीकडं, जबड्याखाली."



दिग्विजयनं दुसरा हात स्वतःच्या जबड्याखाली नेला. चाचपलं. परत बापाचं चाचपलं.

"माझा पण इथंच आहे."

बापूंच्या घशातून एक आवाज आला. शब्द नव्हता तो. पण माहीत असलेली गोष्ट दुसऱ्यानं नवीन म्हणून सांगितली, की आपण जसं 'हं' करतो, तसा होता.

फेस चांगला झाला. हात खरंच थरथरत होता.

वस्तरा टेकला. बापूंनी मान फिरवली नाही. उलट इंचभर वळवली ती त्याच्याकडे, गाल ताणला जावा म्हणून. जुने कारागीर होते ना ते. खर्र... खर्र... लांब कुठंतरी कुणी अंगण झाडत असावं, असा आवाज. स्पर्धेतली ती सरळ वाट नव्हती आता. वस्तरा दोन बोटं जायचा, थांबायचा, वळायचा, कुठून जाऊ असं विचारायचा आणि मग पुढं निघायचा. डाव्या कानापासून हनुवटीपर्यंत बापूंचा चेहरा पांढऱ्यातून बाहेर येत गेला. ना लाली, ना ओरखडा. तुरटी हातात घेतली, पण लावायला जागाच नव्हती.

डावा गाल झाला. वरच्या ओठावर बापूंची पांढरी मिशी होती. तिला त्यानं नुसतं कंगव्यानं विंचरलं.

पलीकडे वळला, आणि थबकला.

"बापू?"

बापूंचे डोळे मिटलेले. मान उशीत कललेली. उजवा गाल साबणानं भरलेला.

"बापू!"

मी उभी राहिले.  दिग्विजयच्या हातातला वस्तरा हवेतच राहिला, आणि त्याचा चेहरा त्या दिवशी आरशात झाला होता तसा झाला.

अण्णा स्टुलावरून हलले नाहीत. त्यांनी फक्त बोट केलं. बापूंच्या नाकाखाली फेसाचा एक बुडबुडा होता. तो फुगत होता. बसत होता. परत फुगत होता.

मग बापू घोरले. चांगले दणदणीत.

दिग्विजय पलंगाच्या कडेला बसला.  खिडकीतला उजेड बापूंच्या गुळगुळीत गालावर पडला होता आणि दुसऱ्या गालावरचा साबण हळूहळू सुकत होता.

"घरी आणल्यापासून दिवसा असे कधी झोपले नाहीत," तो कुजबुजला.

...

"अण्णा, उजवा गाल राहिलाय." तो अगदी हळू बोलत होता. "अर्धीच झालीय. बरं दिसेल का असं? लोक बघायला येतात... उठवू त्यांना?"

अण्णांनी उठून ओला टॉवेल घेतला. केरबाबापूंच्या उजव्या गालावरचा साबण, ते जागे होणार नाहीत इतक्या हलक्या हातानं, पुसून घेतला.

"राहू दे. त्याला उद्याचं काहीतरी नको का?"